मागचा टायर मे महिन्यात बदला: दुचाकीच्या टायरबद्दल वाचकांचे प्रश्न

रोज लांबचा पल्ला मारणाऱ्या दुचाकीस्वारांकडून गेल्या अंकात टायरबद्दलचे प्रश्न मागवले होते. डहाणूपासून बांद्यापर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून, ज्यांचा उपयोग जास्त जणांना होईल ते इथे घेतले आहेत.

प्रश्न: माझी 150 सीसीची गाडी आहे, मागे 100/90-17 ट्यूबलेस टायर. औषध कंपनीचं काम असल्यामुळे चिपळूण, गुहागर, दापोली, खेड असं महिन्याला 2,200 किलोमीटर फिरणं होतं. गेल्या वेळचा मागचा टायर 16,000 किलोमीटरलाच गुळगुळीत झाला. दुकानदार म्हणतो, कंपनी बदला. सर्वांत जास्त टिकणारी कंपनी कोणती?
(वाचक, चिपळूण)

उत्तर: कंपनीच्या आधी मॉडेल विचारा. एकाच कंपनीचे दोन टायर, माप तेच, पण एक 15,000 ला संपतो आणि दुसरा 28,000 जातो, असं सर्रास होतं. रोजच्या वापरासाठी बनवलेल्या टायरचं रबर कडक असतं आणि मधली नक्षी दाट असते. एमआरएफ नायलोग्रिप, सिएट मायलेझ, मिशलिन सिटी प्रो हे त्या जातीचे. पिरेली डायब्लो रोसो किंवा अपोलो अल्फा एच1 यांसारखे टायर वळणावर पकड मिळावी म्हणून मऊ रबराचे केलेले असतात. ते लवकर झिजले म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांचं काम वेगळं आहे. तुमचं काम पहिल्या जातीचं आहे. त्यातही 'ड्युअल कंपाउंड' मिळाला तर तो घ्या. त्यात मधला पट्टा कडक आणि दोन्ही खांदे थोडे मऊ असतात. महामार्गावर सरळ जाताना झिजतो तो मधला पट्टा, आणि परशुराम घाटात गाडी कलते तेव्हा धरतो तो खांदा.

दुकानात टायर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. पहिली, मधल्या पट्ट्यात रबर किती आणि खाच किती. अगदी मधोमध सलग किंवा जवळजवळ सलग रबर असेल आणि खाचा तिरप्या होऊन बाजूला पाणी नेत असतील, तर तो टायर टिकतो आणि पावसातही चालतो. सुटे सुटे मोठे ठोकळे असलेला बटन टायर डांबरावर घेऊ नका. प्रत्येक ठोकळा टेकताना जरासा वळतो आणि कडेने घासत जातो, आवाज येतो तो वेगळाच. दुसरी गोष्ट, खाचेची खोली. शंभर-दोनशे रुपयांत खोली मोजायची छोटी पट्टी मिळते, ती लावून मोजा. या मापात टिकाऊ टायरची मधली खोली साधारण 7 ते 8 मिलिमीटर भरते. शेजारचा टायर 6 च भरला, तर दोनशे रुपये स्वस्त असूनही तो महाग पडेल. तिसरी, बाजूवरचा चार आकडी शिक्का. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1825 म्हणजे 2025 सालचा अठरावा आठवडा.

आता हिशोब करू. समजा, नवा टायर 7.5 मिलिमीटरचा आहे आणि 4,000 किलोमीटरनंतर तो 6.7 भरला. म्हणजे हजार किलोमीटरला 0.2 मिलिमीटर झीज. पावसाळ्याच्या हिशोबाने 2 मिलिमीटरला थांबायचं, तर वापरायला 5.5 मिलिमीटर मिळतात आणि टायर 27,500 किलोमीटर जातो. तुमचा आधीचा टायरही 7.5 चा होता आणि दीडवर येऊन संपला असं धरलं, तर त्याची झीज हजाराला जवळजवळ 0.38 होती. सारख्याच जातीच्या टायरमध्ये एवढा फरक पडला असेल, तर तो नुसत्या रबराचा नसतो. कमी हवा, जास्त वेग आणि घाट उतरताना क्लच झटक्यात सोडून गिअर खाली आणणं, ही त्याची तीन नेहमीची कारणं. गिअर पाडला की मागचं चाक क्षणभर फरफटतं, आणि टायर नेमका तेवढ्यात घासतो. गिअर पाडताना किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोडा.

पैशांचंही बघा. समजा, 2,400 रुपयांचा टायर 16,000 गेला, तर किलोमीटरला 15 पैसे पडले. 2,900 चा टायर 26,000 गेला, तर 11 पैसे. तुमच्या वर्षाच्या 26,400 किलोमीटरला हजारभर रुपये वाचले. ते पुढच्या टायरमध्ये घाला. मागचा टायर टिकाऊ घ्यावा, पुढचा पकडीचा घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. ब्रेक मारताना भार पुढे येतो आणि ओल्या रस्त्यावर वाचवतो तो पुढचाच टायर. शिवाय मागच्याच्या मानाने तो बराच जास्त चालतो, त्यामुळे तिथे काटकसर करण्याची गरजही पडत नाही.

शेवटी वेळेचं. तुमचं वर्षाचं अंतर आणि चांगल्या टायरचं आयुष्य जवळजवळ सारखंच आहे. त्याचा फायदा घ्या आणि मागचा टायर दर वर्षी मेच्या मध्यावर बदला. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, तो जायला 100 ते 150 किलोमीटर लागतात. तेवढे कोरड्या रस्त्यावर, बेताने कलवत पूर्ण करा. जूनच्या पहिल्या सरीला तुमच्याखाली पूर्ण नक्षीचा, वापरून मऊ झालेला टायर असेल, आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर संपतील. हाच टायर ऑक्टोबरमध्ये घातला, तर तो ऐन श्रावणात झिजलेला असतो. किलोमीटर दोन्हीकडे तेवढेच होतात.

प्रश्न: 100 सीसीच्या गाडीवर हर्णैहून मासळी घेऊन दापोली आणि आजूबाजूच्या गावांत विकतो. मागे बर्फासकट दोन क्रेट असतात, अंदाजे 80 किलो. मागच्या टायरला बाजूने बारीक चिरा पडतात आणि वर्षभरात तो जातो. जास्त जाड टायर मिळतो का?
(वाचक, हर्णै)

उत्तर: तुमच्या प्रश्नाचं उत्तर टायरच्या बाजूवरच लिहिलेलं आहे. 80/100-18 47P असं असेल, तर त्यातला 47 हा भारांक आहे. 47 म्हणजे पूर्ण हवेवर 175 किलो. 54 म्हणजे 212 किलो. P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याची तुम्हाला चिंता नाही.

आता मागच्या चाकावर किती येतं ते मोजा. गाडी 112 किलोची धरली, तर त्यातले साधारण 60 मागे. तुमचं वजन 70 असेल, तर त्यातलं 45 ते 50 मागे. क्रेट कॅरिअरवर, म्हणजे मागच्या चाकाच्या बरोबर वर किंवा त्याच्याही मागे असतात, त्यामुळे त्यांचे 80 पूर्णच मागे धरा, खरं तर थोडे जास्तच. बेरीज 190 च्या आसपास जाते. 47 चा टायर तिथेच हरला. त्यात हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत दुमडते आणि उलगडते, आत उष्णता साठते आणि रबराला चिरा जातात.

याच मापात 54 भारांकाचा टायर मिळतो, मागच्या चाकासाठी तोच मागा. दुकानदाराला 'जाड टायर द्या' म्हणू नका, '80/100-18, भारांक 54' असं सांगा. पुढचा आणि मागचा टायर एकाच मापाचे असतात आणि गर्दीत 47 चा पुढचा टायर मागे चढवला जातो. टायर बसवण्याआधी आकडा स्वतः वाचा.

हवा रोज, थंड टायरवर बघा. गाडीच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर हवेचा स्टिकर असतो. मागे माणूस बसल्यावरचा जो आकडा दिलाय तो तुमचा रोजचा आकडा, आणि टायरच्या बाजूवर दिलेला कमाल दाब ही वरची हद्द. पहाटे बंदरावर निघण्याआधी बघितलेलीच हवा खरी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पंपावर गेलात, तर काटा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. तो बघून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी टायर भुकेलाच निघतो.

एक गोष्ट मात्र टायर बदलून सुटणार नाही. बहुतेक 100 सीसी गाड्यांची वहनमर्यादा चालकासकट 130 किलोच्या आसपास असते. तुम्ही 150 वर आहात. स्पोक सैल होणं, मागचे शॉकअप बसणं, ब्रेक लांब लागणं हे सगळं त्याच मुळातून येतं. क्रेट कॅरिअरवर एकावर एक रचण्याऐवजी दोन्ही बाजूंना खाली घेता आले तर घ्या. भार तेवढाच राहतो, पण खाली आणि पुढे सरकतो, त्यामुळे पुढचं चाक हलकं होत नाही. जमेल तेव्हा मोठी खेप दोन फेऱ्यांत करा.

बंदराबद्दल एक सूचना. जेट्टीवर बोटींचं डिझेल सांडलेलं असतं. डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्यातून गाडी गेली असेल, तर साबणाच्या पाण्याने टायर धुवा. बर्फाचं खारट पाणी रबराला फारसं काही करत नाही, पण रिम आणि स्पोक खातं. क्रेटखाली ताडपत्रीचा तुकडा लावून ते पाणी चाकावर पडू देऊ नका.

प्रश्न: मागचो टायर अजून बरो दिसता, नक्षी आसा, पण पावसात सरकता. बदलूचो की आणखी एक पावसाळो काढूचो?
(वाचक, कुडाळ)

उत्तर: बदला. नक्षी असूनही सरकतो, म्हणजे रबर वाळलेलं आहे. चार आकडी शिक्का वाचा. पाच वर्षांच्या पुढचा असेल, तर नक्षी कितीही असू दे. दुसरी परीक्षा नखाची. मधल्या पट्ट्यात नख दाबा आणि शेजारच्या कुणाच्या नव्या टायरमध्येही दाबा. नव्यात खूण उमटून हळूच नाहीशी होते, वाळलेल्यावर नख नुसतं सरकतं. खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसतात का, तेही उजेडात बघा.

कायद्याने दुचाकीच्या टायरला किमान 0.8 मिलिमीटर खोली लागते. बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कुडाळच्या पावसाला 0.8 पुरत नाही. 2 मिलिमीटरखालचा टायर साचलेलं पाणी पुरेसं बाहेर टाकत नाही, म्हणून जूनच्या तोंडावर 2 च्या खाली असलेला टायर आम्ही संपलेलाच धरतो.

तरीही हे लक्षात असू द्या. भातशेतीच्या कडेच्या कमी रहदारीच्या रस्त्यावर श्रावणात जे शेवाळ धरतं, त्यावर कोणत्याही कंपनीचा, कितीही खोलीचा टायर धरत नाही. डंपरनी सांडलेल्या जांभ्याच्या लाल चिखलावरही नाही. तिथे गाडी अजिबात न कलवता, ब्रेक न लावता, गिअरवर सावकाश जाणं हाच उपाय.

प्रश्न: क्लासिक 350 (2022) आहे. दर आठवड्याला आंबा घाटातून रत्नागिरी-कोल्हापूर-रत्नागिरी. मागचा टायर मधून सपाट झाला आहे, वळणावर गाडी आधी अडते आणि मग एकदम पडते. मित्र म्हणतात, 140 चा रुंद टायर टाक, जास्त टिकेल आणि पकडही वाढेल.
(वाचक, रत्नागिरी)

उत्तर: सपाट झालेल्या टायरचं लक्षण तुम्ही अगदी बरोबर टिपलं आहे. मध्यभाग सपाट झाला की त्याच्या दोन्ही कडांना धार येते. गाडी कलवताना ती धार ओलांडावी लागते, म्हणून आधी अडखळ आणि मग झपकन कल. कोल्हापूरच्या सरळ रस्त्यावर मध्य झिजतो, आणि त्याची किंमत आंबा घाटात मोजावी लागते. अशा टायरला खोली 3 मिलिमीटर उरली असली तरी घाटासाठी तो निकामी आहे. खोलीबरोबर आकारही बघायचा असतो.

रुंद टायरचा सल्ला ऐकू नका. तुमच्या गाडीला मागे 120/80-18 आहे, म्हणजे रुंदी 120 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 18 इंची. 140 रुंदीच्या टायरला साडेतीन इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो चढवला तर दोन्ही बाजूंनी चेपला जातो, मधला भाग वर उचलला जातो आणि रस्त्याला टेकतो तो अरुंद पट्टा. म्हणजे ज्या मधल्या पट्ट्याच्या झिजेने तुम्ही त्रासला आहात, तोच आणखी लवकर झिजणार. शिवाय चेनकव्हरला किंवा मडगार्डला घासण्याची भीती, आणि पेट्रोलही जास्त.

माप बदलायचंच असेल, तर आधी व्यासाचा हिशोब करा. रिमचे इंच गुणिले 25.4, अधिक रुंदीच्या टक्क्यांनी येणारी उंची दोनदा. 120/80-18 म्हणजे 457 अधिक 96 दोनदा, एकूण 649 मिलिमीटर. जुन्या क्लासिकला येणारा 110/90-18 घेतला तर 457 अधिक 99 दोनदा, 655 मिलिमीटर. व्यासाचा फरक एक टक्क्याच्या आसपास. अशा वेळी भारांक तेवढाच किंवा जास्त असायला हवा आणि रिमला ते माप चालायला हवं. पण तुम्हाला याची गरज दिसत नाही. कंपनीचं मूळ माप, मधला पट्टा कडक असलेला टायर आणि बरोबर हवा, एवढं पुरे.

टायर सपाट कसा होतो, तेही बघा. हवा कमी असेल तर टायर रुंद टेकतो आणि कडा आत ओढल्या जातात. हवा फार जास्त असेल तर फक्त मधली पट्टी टेकते आणि तीच झिजते. दोन्हींत नुकसान टायरचंच. सामान जास्त असेल त्या आठवड्यात स्टिकरवरचा दोघांचा आकडा ठेवा, एकटे असाल तर एकट्याचा. पहाटेच्या साखरप्याच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात तापमानात दहा अंशांचा फरक पडला, की हवेत साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे मोजणी कायम एकाच वेळी, सकाळी. स्वतःचं मीटर घ्या, रस्त्याकडेच्या प्रत्येक पंपाचा काटा वेगळं सांगतो.

रेडियल टायरचाही, म्हणजे ज्यातले धागे तिरपे नसून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात त्याचाही, विचार तुम्ही करत असाल. तो कमी तापतो हे खरं, पण पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा, अशी जोडी गाडीच्या किंवा टायरच्या कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नये.

उजवी बाजू डावीपेक्षा किंचित जास्त झिजलेली दिसली तर घाबरू नका. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजव्या वळणाचा घेर मोठा पडतो आणि गाडी त्या बाजूला जास्त वेळ कललेली असते. फरक डोळ्यात भरेल इतका असेल, तर मात्र चाक सरळ बसलंय का ते तपासा. चेन ताणताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर यायला हव्यात. एक बाजू एक रेघ पुढे राहिली, तर चाक तिरपं चालतं आणि टायर एका बाजूने घासतो.

प्रश्न: पुढच्या टायरवर हात फिरवला तर करवतीच्या दातांसारखं लागतं. चाळीसच्या पुढे घुंघुं आवाज येतो. टायर दहा महिन्यांचाच आहे. टायरच खराब निघाला का?
(वाचक, सावंतवाडी)

उत्तर: बहुतेक वेळा टायर खराब नसतो, चाकाला नीट दाब मिळत नसतो. पुढच्या टायरच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड ब्रेकिंगमध्ये जास्त घासते. थोडा फरक नेहमीचाच आहे. पण हवा कमी असेल, पुढचे शॉकअप गळत असतील किंवा आतलं ऑइल जुनं झालं असेल, तर चाक रस्त्यावर बारीक उड्या मारतं आणि ठरावीक ठिकाणीच झिजतं. त्यातून दात उभे राहतात.

तपासण्याचा क्रम असा. आधी हवा. मग शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर ऑइलचं कडं दिसतं का, ते बघा. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि दोन्ही फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा. टक टक लागलं तर स्टिअरिंगची कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मग चाक हाताने फिरवून रिमजवळ पेन स्थिर धरा. रिम आणि पेनमधलं अंतर कमीजास्त होत असेल, तर चाकाला आउट आहे. स्पोकचं चाक असेल तर तारा आवळून आउट काढता येतो. शेवटी बॅलन्सिंग. आपल्याकडे दुचाकीचं बॅलन्सिंग फार कमी ठिकाणी करतात, पण ज्याला रोज महामार्गावर जायचं आहे त्याने ते करून घ्यावं.

एकदा आलेले दात दुरुस्तीनेही पूर्ण जात नाहीत, पण कारण काढलं तर वाढत नाहीत. टायर उलटा फिरवून बसवायचा सल्ला मिळेल. बाजूवर बाण असेल, तर तसं करू नका.

प्रश्न: मालवणला समुद्राजवळ राहतो. ट्यूबलेस टायर, अ‍ॅलॉय व्हील. दर आठवड्याला सात-आठ पीएसआय हवा उतरते. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्यात बुडवून बघितलं, पंक्चर नाही म्हणाला.
(वाचक, मालवण)

उत्तर: किनाऱ्यावर हे फार घडतं, आणि कारण सहसा टायरमध्ये नसून रिमच्या ओठावर असतं. खारट हवेने अ‍ॅलॉयचा रंग सुटतो, त्याखाली पांढरी बुकटी धरते आणि टायरची कड, म्हणजे बीड, तिथे घट्ट बसत नाही. हवा इतकी हळू जाते की टबमधल्या पाण्यात बुडबुडा दिसायला मिनिटभर लागतं, तोवर पंक्चरवाला चाक उचलतो.

घरीच बघा. हवा पूर्ण भरा. भांड्याच्या साबणाचा दाट फेस करून ब्रशने आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला, मग व्हॉल्व्हच्या मुळाशी, मग दोन्ही बाजूंना रिम आणि टायरच्या सांध्यावर गोल फिरवून लावा. पाच मिनिटं थांबा. जिथे पांढरा, बारीक फेस आपोआप वर फुलतो तिथे गळती. व्हॉल्व्हच्या तोंडाला फुलला, तर आतली सुई बदला, दहा-वीस रुपयांचं काम. मुळाशी फुलला, तर रबराचा व्हॉल्व्ह चिरलाय.

सांध्याला फुलला, तर टायर काढावा लागेल. कारागिराला काम पुढीलप्रमाणे करायला सांगा. टायरच्या दोन्ही कडा रिमवरून सोडवायच्या. रिमची बैठक तारेच्या ब्रशने हाताने घासायची. ग्राइंडर लावू द्यायचा नाही, त्याने खड्डे पडतात आणि गळती कायमची होते. टायरची कडही कापडाने पुसून काढायची, तिथे बुकटी चिकटलेली असते. नंतर बीड सीलरचा, म्हणजे कडेची गळती बंद करणाऱ्या लेपाचा, पातळ हात, नवा व्हॉल्व्ह, आणि हवा. कडा बसताना 'ठप' असा आवाज दोनदा येतो. आवाज येत नाही म्हणून बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर हवा भरू देऊ नका, साबणाचं पाणी लावून पुन्हा प्रयत्न करा. टायरच्या बाजूला रिमला लागून एक बारीक उंच रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली, की टायर नीट बसला.

यावर टायरमध्ये द्रव सीलंट ओतून देतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. गळती काही दिवस दबते, रिमचं खाणं चालूच राहतं आणि पुढे खरं पंक्चर झालं तर कळत नाही. ट्यूबलेसला खिळा लागला, तर भोकात पंक्चरची रबरी दोरी घालून घरी या आणि नंतर आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात देठ घुसणारं छत्रीसारखं ठिगळ, लावून घ्या. भोक फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात आणि 6 मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच. बाजूच्या भिंतीला भोक पडलं, तर टायर गेला.

ज्यांच्या गाडीला तारांचं चाक आहे, त्यांच्यासाठी: नवा टायर टाकताना ट्यूबही नवी टाका आणि रिमवरची रबरी पट्टीसुद्धा. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवर ती कापते. किनाऱ्यावर रिमच्या आतल्या बाजूला गंज येतो, आणि त्याचं पहिलं पंक्चर आतून, स्पोकच्या डोक्याकडून होतं. टायर काढलाच आहे तर तिथे हात फिरवून बघायला विसरू नका.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत असतो, गाडी राजापूरच्या घरी. शिमगा आणि गणपतीत मिळून महिनाभर चालते. 2018 पासून टायर बदललेले नाहीत, नक्षी नव्यासारखी आहे. स्वस्तात जुन्या साठ्यातले टायर मिळताहेत, घ्यावेत का?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुमचे टायर किलोमीटरने संपले नाहीत, वयाने संपले आहेत. बदला. नवे घेताना चार आकडी शिक्का वाचा. सावलीत ठेवलेला, वर्ष-दीड वर्षाचा टायर असेल तर सवलतीत घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांच्या पुढचा साठा तुम्ही घेऊ नका, कारण तुमच्याकडे त्याचं उरलेलं आयुष्यही पडवीतच जाणार आहे. गुळगुळीत टायरला गरम हत्याराने नव्या खाचा पाडून विकतात, तो तर फुकट दिला तरी घेऊ नये. खाच पाडताना आतल्या नायलॉनच्या थरापर्यंत हत्यार पोचलेलं असतं.

तुम्हाला टिकाऊ, कडक रबराचा महाग टायर घेण्याचं काहीच कारण नाही. ते पैसे रोज पळणाऱ्याने घालावेत. साधा, ताजा टायर घ्या. परत जाताना गाडी मधल्या स्टँडवर लावा, शक्य असेल तर पुढच्या चाकाखालीही लाकडाचा ठोकळा द्या, म्हणजे एकाच जागी भार राहून टायर चपटा होणार नाही. हवा स्टिकरप्रमाणे पूर्ण भरा. टायरवर पॉलिश, खोबरेल किंवा डिझेल लावू नका. गाडी उन्हाच्या तिरपेपासून आणि विहिरीच्या मोटरपासून लांब ठेवा. मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि त्याने रबर चिरतं. गावातलं कुणी महिन्यातून एकदा हवा बघून चाकं हाताने अर्धा फेरा फिरवून ठेवणार असेल, तर त्याच्याकडे हवेचं मीटर देऊन ठेवा. गणपतीला आल्यावर पहिल्या दिवशी हवा भरल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका.